टाकी रिकामी धरून

माझं काम काय, असं लग्नकार्यात कुणी विचारलं आणि मी खरं उत्तर दिलं, की समोरचा माणूस दोन मिनिटांत ताटातल्या जिलबीकडं बघायला लागतो. म्हणून मी सोपं करून सांगते. पूल, टाकी किंवा इमारत असेल, तिची एक जुळी बहीण मी संगणकात बांधते. ती हजारो लहान लहान तुकड्यांची असते आणि प्रत्येक तुकड्याला वजन आणि ताठपणा दिलेला असतो. मग खऱ्या बांधकामावर संवेदक चिकटवायचे आणि वाऱ्यानं, गाड्यांनी ते सेकंदाला किती वेळा हलतं हे मोजायचं. सगळीच बांधकामं हलतात, डोळ्यांना दिसत नाही एवढंच. संगणकातली बहीण आणि खरी बहीण सारख्या हलत नसतील, तर संगणकातलीचे आकडे बदलत जायचं, दोघी सारख्या हलेपर्यंत. मोजलेलं ते खरं आणि बदलायचं ते आपलं, हा आमच्या धंद्याचा साधा नियम. पंधरा वर्षं मी हेच करते आहे. हे आपल्याला चांगलं जमतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

आमचं गाव मोताळा तालुक्यातलं, धामणगाव बढ्याच्या बाजाराला जाणारं. बाबा गवंडी. गावाच्या तोंडाशी सहा खांबांवर उभी असलेली पाण्याची टाकी त्यांच्या हाताखाली झाली. ठेकेदार बाहेरचा होता, नकाशा वरून आलेला होता, पण मालात पाणी किती घालायचं, ओतलेलं काँक्रीट किती दिवस ओलं ठेवायचं, हे मिस्त्री म्हणून बाबा बघायचे. मी तेव्हा चौथीत असेन. आई दुपारी भाकर घेऊन जायची, तिच्यामागं मी. खांबांना गोणपाट गुंडाळलेलं असायचं आणि बाबा त्यावर पाणी मारत असायचे. सुट्टीच्या दिवशी बाकी मजूर घरी, पण बाबा बादली घेऊन टाकीवर. आई चिडायची, की घरच्या तुळशीला कधी एवढं पाणी घातलं नाही. आमच्या दारात तुळस नव्हती, पण चिडल्यावर ती असंच काहीतरी बोलायची.

आमचं घर बौद्धवस्तीत, विहाराच्या मागच्या गल्लीत. बाबांच्या आईला गावच्या विहिरीवर हात लावायची सोय नव्हती. कुणीतरी वरून ओतायचं, तेव्हा तिची घागर भरायची. त्याच गावाला आता बाबांनी बांधलेल्या टाकीतून पाणी जात होतं, सगळ्या आळ्यांना, सारखं. यावर बाबांनी कधी भाषण केलं नाही. फक्त घरी पाहुणा आला, की चहा झाल्यावर काही कारण नसताना त्याला टाकीपर्यंत चालत न्यायचे, खांबावर दोन वेळा तळहात मारायचे आणि परत आणायचे. त्यांच्या आयुष्यात त्यांना अभिमान वाटावा असं एवढंच होतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून पुढं जे झालं त्याला अजाणतेपणाची सबब मला देता येत नाही.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या जुन्या टाक्या तपासायचं काम मी नोकरी करते त्या पुण्यातल्या कंपनीकडं आलं. यादीत आमच्या गावाचं नाव होतं. ही टाकी माझ्या वडिलांनी बांधली आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा, असं मी साहेबांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. बापाचं काम म्हणून हात सैल सोडायचा नाही, उलट जरा आवळूनच धरायचा, असं मी मनाशी ठरवलं आणि माझं मलाच फार कौतुक वाटलं. निष्पक्षपणाची ही हौस मी कुठून उचलली कोण जाणे. बहुतेक पुण्यातूनच. वसतिगृहात पहिल्या वर्षी माझ्या ‘मले’, ‘तुले’वर मुली हसल्या होत्या आणि मी ती बोली घासूनपुसून काढली होती. आता घरी गेले तरी ती तोंडात यायला दोन दिवस लागायचे.

मे महिना होता. आम्ही तिघं गाडीनं पोहोचलो, तेव्हा खांबांच्या सावलीत वॉलमन मामा बसलेले होते. कुठल्या आळीच्या पाण्याचा वॉल कधी सोडायचा हे तेच ठरवत, त्यामुळं गावात सरपंचाच्या खालोखाल त्यांचा मान. त्यांनी मला कडेवर घेऊन फिरवलेलं, पण माझ्याबरोबर टोप्या घातलेले दोघं जण होते आणि गाडीवर सरकारी कामाचा फलक होता. ते उठून उभे राहिले आणि मला मॅडम म्हणाले. मीही हातातल्या तक्त्यात बघत मॅडमसारखंच विचारलं, “टाकी पूर्ण रिकामी आहे ना?”

“हो मॅडम,” ते म्हणाले. “खडखडीत.”

मी रकान्यात ‘रिकामी’ असं लिहिलं. शिडीच्या वरच्या पायऱ्या गंजलेल्या होत्या. माझा सहकारी कमरेला दोर बांधून सज्ज्यापर्यंत चढला, संवेदक चिकटवून उतरला. झाकण उघडून आत बघायला वरपर्यंत कुणी गेलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं ते. बाबा थोड्या वेळानं ताक घेऊन आले आणि लांब उभे राहिले. माझ्या सहकाऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली तर बसले नाहीत. “पोरगी पाहून राह्यली ना,” ते त्यांना म्हणाले, “मंग बराबर पाह्यन.”

पुण्याला येऊन मी आकडे मांडले. आमच्याकडच्या काळ्या मातीत पाया किती दबतो, तेही धरलं. तरी खरी टाकी माझ्या संगणकातल्या टाकीपेक्षा हळू डुलत होती. एखादी गोष्ट हळू डुलते, ती एक तर कमी ताठ असते म्हणून, नाही तर जास्त जड असते म्हणून. जड असण्याचा प्रश्नच नव्हता, टाकी रिकामी होती. राहिला ताठपणा, म्हणजे काँक्रीटचा दर्जा. मी तो कमी केला. आणखी कमी केला. दोन्ही टाक्या अगदी दुसऱ्या दशांशापर्यंत सारख्या डुलायला लागल्या, तेव्हा मी खुर्चीत मागं टेकून चहा मागवला.

एक गोष्ट जुळत नव्हती. टाकी डुलते तशी स्वतःभोवती किंचित पिळतेही, आणि त्या पिळण्याचा आकडा मी काँक्रीट खराब करायच्या आधीच बरोबर जुळत होता. खराब केल्यावर तो बिघडला. ती नोंद अस्पष्ट होती, वाऱ्याच्या गोंगाटात बुडालेली. मी ती वगळली. काँक्रीटवर हातोड्यानं ठोकून घेतलेली मापंही काही चांगली, काही वाईट आली होती. वाईट ठेवली आणि चांगल्यांच्या पुढं ‘गिलाव्याचा परिणाम’ असं लिहिलं. दुसऱ्या कुणाच्या बापाची टाकी असती तर मी थांबले असते, झाकण उघडून बघा म्हणून फोन केला असता. इथं मला वाटलं की मी थांबले तर ती माया होईल. काँक्रीटचा दर्जा बराच कमी, भूकंपात धोका, वापर बंद करावा, असं लिहून मी सही केली.

बाबांना मी घरी जाऊन सांगितलं. अंगणात ते खाटेवर बसून पाय चोळत होते. त्यांनी वाद घातला नाही. किती कमी, एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

“मशीन म्हन्ते तं असन,” ते म्हणाले. “मशीनले काय करायचं हाय खोटं बोलून.”

चार दिवसांनी त्यांचा पुण्याला फोन आला. त्यांना आठवलं होतं. खांब एकमेकांना जोडणाऱ्या मधल्या पट्ट्याच्या वेळी रेती मातकट आली होती, ठेकेदाराला परत न्यायला सांगायला हवं होतं, पण त्यांनी तशीच वापरली. आठवड्यानं पुन्हा फोन आला. चौथ्या खांबाला दोन दिवस पाणी मारलं गेलं नव्हतं, कारण ते आईला घेऊन मलकापूरच्या दवाखान्यात गेले होते. मग सिमेंटच्या काही गोण्यांत खडे झाले होते तेही आठवलं. दर फोनला मी ‘आणखी काही?’ असं विचारायची आणि एक नवी चूक निघायची, आणि ते ती अगदी बारकाव्यानिशी सांगायचे, त्या दिवशी आभाळ कसं होतं इथपर्यंत. आता लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा मला समाधान वाटत होतं. माझा आकडा बरोबर ठरत होता. ‘प्रत्यक्ष कामावरील मिस्त्रीकडून मिळालेली माहिती’ या मथळ्याखाली मी ते सगळं फाइलला जोडलं.

एकदा फोन आईनं घेतला. आवाज दाबून बोलली. “मी दवाखान्यात माह्या भावासंग गेल्ती. हे आलेच नाई. टाकीवरच होते, त्याच्यावरून भांडन झालतं आमचं. तू काऊन पुसतं त्यायले? तू पुसलं का त्यायले आठवते.”

मी तिला म्हणाले की आई, इतक्या जुन्या गोष्टी तुझ्या लक्षात कशा राहतील. तिनं फोन ठेवून दिला.

टाकी बंद झाली. ग्रामसभेत लोकांनी आवाज चढवला, आणि कुणी नाव घ्यायच्या आधी बाबा स्वतः उभे राहिले. चूक माझी आहे, म्हणाले. मागून कुणीतरी म्हणालं, की यांच्या हाती काम दिलं तर दुसरं काय होणार. ‘यांच्या’ म्हणजे कुणाच्या हे तिथं सगळ्यांना कळलं. हे मला आईनं नंतर सांगितलं. त्यानंतर बाबांनी काम घेणं सोडलं. थापी, ओळंबा, लाकडी रंधा, सगळं धुऊन पुसून गोणीत बांधलं आणि चुलतभावाला देऊन टाकलं. एसटी थांब्याला जायला टाकीवरून सरळ वाट होती. ते शाळेमागून लांबचा फेरा घेऊन जायला लागले. गुडघे दुखत असले तरी.

दोन वर्षांनी टाकी पाडायला काढली. मी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घरी होते. बाबा तिकडं फिरकले नाहीत, मीच गेले. पाडणारं यंत्र चालवणारा माणूस सोनाळ्याचा होता, घामानं भिजलेला आणि वैतागलेला. “कोनं बांधली बे हे?” तो आपल्या सोबत्याला विचारत होता. “दोन दिवसाचं काम सांगतलं, आज पाचवा दिवस हाय.”

मी खाली पडलेला एक तुकडा उचलला. कच्चं काँक्रीट तुटतं तेव्हा त्यातली खडी उपटून निघते आणि मागं खळगा राहतो. माझ्या हातातल्या तुकड्यात खडी मधोमध तुटली होती, म्हणजे सिमेंटनं तिला सोडलं नव्हतं. दुसरा उचलला, तसाच. मी वेड्यासारखी सहाही खांबांचे तुकडे बघत फिरले. चौथ्या खांबाचेसुद्धा तसेच होते.

वॉलमन मामा शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसले होते. माझ्याजवळ ना तक्ता होता ना गाडी. मी त्यांच्या शेजारी मातीत बसले आणि किती वर्षांनी कोण जाणे, आपोआप आमच्या बोलीत विचारलं, “मामा, मी मोजाले आल्ती तवा टाकीत पानी होतं का?”

“होतं ना,” ते म्हणाले. “निम्म्यावर असन.”

“मंग रिकामी काऊन सांगतली?”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी काहीतरी पोरकट विचारते आहे. “उन्हाळ्यात गाडीतला मानूस टाकीचं पुसते तं टँकरसाठीच पुसते. पानी हाय म्हनलं का टँकर बंद. आन थे काई वापराचं पानी नव्हतं बाई. थे मयतीचं होतं. तुले माहीत हाय ना.”

मला माहीत होतं. उन्हाळ्यात गावाला आठ-दहा दिवसांनी पाणी मिळायचं, आणि अशात कुणाच्या घरी मयत झाली तर अंघोळ घालायला, स्मशानातून परतलेल्या लोकांना पाणी लागायचं. म्हणून टाकी निम्म्यावर आली की मामा मुख्य वॉल बंद करायचे. कागदावर टाकी कोरडी आणि वर पाणी, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं आणि बाहेरच्याला कुणी सांगायचं नाही. आजी गेली तेव्हा पाळी नसताना आमच्या गल्लीत नळ आला होता. तिच्या अंगावर पहिला तांब्या मी ओतला होता, त्याच पाण्याचा. आणि मी रकान्यात ‘रिकामी’ लिहिलं होतं.

पुण्याला परतल्यावर ते तुकडे प्रयोगशाळेत दिले. नकाशात मागितलं होतं त्यापेक्षा काँक्रीट सरसच निघालं. मग जुनी फाइल उघडली. काँक्रीटला बाबांचा दर्जा परत दिला आणि टाकीत निम्म्यावर पाणी भरलं. टाकीतलं सगळं पाणी भिंतींबरोबर डुलत नाही, वरचं आपल्या नादात हिंदकळत राहतं, तेवढं वेगळं धरलं. टाकी पिळते तेव्हा पाणी जवळजवळ जागच्या जागी राहतं, म्हणून तो आकडा पहिल्यापासून खरा होता आणि मी फेकलेला होता. आता डुलणं जुळलं, पिळणंही जुळलं. एकदाच बदललं आणि सगळं जागेवर बसलं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. शेजारच्या मुलीला वाटलं घरी कुणी गेलं.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी जिल्ह्याच्या पाणीपुरवठा कार्यालयाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. नोंद घेतली आहे, असं उत्तर आलं. तिथं नव्या टाकीचा पाया निघाला होता, जुनीचं आता कुणाला पडलेलं नव्हतं.

बाबांना पडलेलं असेल, या आशेवर मी सुट्टी टाकून गावी गेले. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांच्यासमोर कागद मांडला. वर जड असेल तर हळू डुलतं, हे त्यांना अर्ध्या वाक्यात कळलं. इतकी वर्षं परांचीवर काढलेला माणूस, त्याला मी काय शिकवणार. पाण्याचं सांगितलं, त्यांनी मान हलवली. प्रयोगशाळेचा आकडा दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो बोट ठेवून वाचला, दोनदा. आई दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हणाले, “बाबा, तुमचं काम चांगलं होतं. चूक माही होती.”

त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला. मग म्हणाले, “रेती मातकट होती ना पन.”

“नव्हती बाबा. मी आकडा सांगतला म्हनून तुमाले तशी आठवली.”

“म्या पाह्यली हाय थे रेती,” ते शांतपणे म्हणाले. “आजबी दिसते डोयानं. गाडीतून उतरोन राह्यले होते, मी उभा होतो.”

आई म्हणाली, तुमी दवाखान्यात नव्हते, मले माहीत हाय. त्यांनी तिच्याकडंही तसंच मायेनं बघितलं. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, पाणी, वजन, तुटलेली खडी. माझा आवाज चढला होता. एकाच कामात मी पहिल्यांदा दिलेला आकडा त्यांनी डोळे मिटून खरा मानला होता आणि आता दुसरा ते मानत नव्हते. का, ते त्यांच्या पुढच्या बोलण्यातून कळलं. त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि वरून माझी मूठ मिटली.

“घरच्या मानसासाठी आकडे बदलत नसतात माय,” ते म्हणाले. “मले बरं वाटावं म्हनून तू केलं, समजते मले. पन कोनाले दाखवू नको. तुह्या नोकरीवर येईन.”

मी नाही नाही म्हणत राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी न केलेल्या लबाडीबद्दल त्यांनी मला तिथल्या तिथं माफ केलं. मी खरंच जे केलं, त्याची माफी मागायला मी अजून दर महिन्याला गावी जाते, आणि ते दर वेळी मला समजावतात की त्यात तुझी काही चूक नाही, रेतीच मातकट होती.